वलगण आणि वेळापत्रक

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून ओढ्यांना तांबूस गढूळ पाणी आले, की बदलापूर, वांगणी, नेरळ या पट्ट्यातील गावांतून माणसे रात्री बॅटऱ्या, टोपल्या आणि जाळी घेऊन बाहेर पडतात. उल्हास नदीतील मासे या पाण्यात उलटे चढू लागलेले असतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून चरात आणि तेथून भाताच्या खाचरात. शिवडे, मळे, खवल्या, शिंगटी अशी त्यांची नावे गावागणिक थोडीफार बदलतात. या घटनेला मात्र या भागात एकच नाव आहे, वलगण. दक्षिण कोकणात आणि घाटावर हेच 'चढणीचे मासे' होत. पोटात अंडी घेऊन निघालेले हे मासे उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालतात आणि पूर ओसरू लागला की परततात. सारा खेळ थोड्या दिवसांचा असतो.

याच सुमारास आपल्या शाळा उघडतात. शिक्षक हजेरीपट आखत असतात, महाविद्यालयांच्या खिडक्यांवर प्रवेशाच्या रांगा असतात. हा योगायोग किरकोळ वाटेल. पण मत्स्यसंवर्धन शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो किरकोळ नाही. ज्या दिवसांत मासा आपले सर्वांत मोठे गुपित उघड करतो, नेमक्या त्या दिवसांत विद्यार्थी पाण्यापासून दूर असतो. आपल्या देशातील मत्स्यशिक्षणाचा इतिहास या अंगाने वाचला, तर 'कार्यानुभव' या शब्दाविषयी बरेच काही कळते. या लेखात तसा प्रयत्न केला आहे.

माघातले कार्यानुभव

माझ्या स्वतःच्या अनुभवापासून सुरुवात करतो. मी अंबरनाथला वाढलो. २००२ साली एम.एस्सी.ला असताना आम्हा सहा विद्यार्थ्यांना महिनाभराच्या कार्यानुभवासाठी एका मत्स्यबीज केंद्रावर पाठवण्यात आले. महिना फेब्रुवारीचा होता. केंद्रातील सिमेंटचे हौद कोरडे होते आणि त्यांच्या तळाला भेगा पडल्या होत्या. अंडी उबवण्याच्या जागेत जुनी जाळी रचून ठेवलेली होती. पहिल्या आठवड्यात आम्ही मागील वर्षांची नोंदवही उतरवून घेतली, दुसऱ्या आठवड्यात हौदांना चुना लावला, तिसऱ्या आठवड्यात केंद्राची पाटी रंगवली. चौथ्या आठवड्यात अहवाल लिहिला. माशाला इंजेक्शन कोठे आणि किती द्यायचे, हे मी त्यात आकृतीसह मांडले होते. अहवालाला उत्तम गुण मिळाले. इंजेक्शन मात्र मी पाहिलेले नव्हते.

केंद्रावर एक वयस्क कामगार होते. जाळे ओढण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. निघताना ते म्हणाले, "पोरांनो, मासा आषाढात येतो. तुम्ही माघात आलात."

जुलैमध्ये मी स्वतःच्या खर्चाने परत गेलो. रात्रभर पाऊस होता. त्या कामगारांनी एक मादी हातात दिली आणि पोट चाचपून पाहायला सांगितले. ते मऊ आणि फुगीर होते. मग नर दिला आणि छातीच्या परावरून बोट फिरवायला सांगितले. पर खरखरीत लागला. "ही खरखर हाताला लागली की नर तयार समजायचा," एवढेच ते म्हणाले. विणीच्या काळात नराचा छातीचा पर खरखरीत होतो, हे वाक्य मी पुस्तकात कितीतरी वेळा वाचले होते. ते मला त्या रात्री समजले.

यात कोणाचा दोष काढायचा नाही. केंद्रावरील मंडळींनी आम्हाला जे होते ते दाखवले. चूक वेळापत्रकाची होती, आणि ती तेथे कशी आली हे पाहण्यासारखे आहे.

नदीतून आणलेले बी

भारतात मासे पाळण्याची परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोदावर एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांची माहिती त्यात येते. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. (सोमेश्वराची राजधानी कल्याण होती, पण ते आपले कल्याण नव्हे, ते बिदरजवळचे आजचे बसवकल्याण.) मात्र मासे पाळणे आणि माशांची पैदास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हजार वर्षे जुनी आहे, दुसरीला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

कारण असे की कटला, रोहू, मृगळ हे आपले प्रमुख संवर्धनाचे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. तळ्यात ते वाढतात, वयात येतात, मादीच्या पोटात अंडी पूर्ण तयार होतात. पण साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाही. तिला पुराची खूण लागते. म्हणून तळ्यात सोडायचे बी नदीतूनच आणावे लागे. बंगालमध्ये पावसाळ्यात नदीकाठी बारीक विणीची जाळी लावून वाहत येणारी नुकती जन्मलेली पिल्ले गोळा करीत. मातीच्या हंड्यांत भरून ती कलकत्त्याच्या बाजारात जात आणि तेथून रेल्वेने दूरच्या प्रांतांत. वाटेत प्राणवायू कमी पडू नये म्हणून माणसे हंड्यांतील पाणी सतत हलवीत बसत.

या पद्धतीत दोन अडचणी होत्या. बरीच पिल्ले वाटेतच मरत. आणि जी पोहोचत त्यांत हव्या त्या जातीबरोबर नको त्या जातीही असत. अगदी रोहूच्या पिल्लांना खाणाऱ्या मांसाहारी माशांची पिल्लेसुद्धा. एवढ्या लहान वयात त्यांचा फरक डोळ्यांनी ओळखणे फार कठीण.

बंगालच्या बांकुडा आणि मेदिनीपूर भागातील शेतकऱ्यांनी यावर एक तोडगा काढला होता. उतारावर बांध घालून पहिल्या पावसाचे धावते पाणी तळ्यात घ्यायचे आणि माशाला पूर आल्याचे भासवायचे. अशा बांधांत कार्प मासे अंडी घालीत. म्हणजे त्यांनी वलगण घरी बोलावली होती. कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय, केवळ पाण्याकाठी उभे राहून मिळालेले हे ज्ञान आहे.

१० जुलै १९५७

पुराची खूण माशाच्या शरीरात नेमके काय करते? पाण्याचे तापमान, दिवसाची लांबी, धावते ताजे पाणी यांचे संदेश मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतात. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला चालना देतो. ग्रंथीतून संप्रेरके रक्तात येतात आणि अंडाशयातील अंडी पक्व होऊन सुटतात. साचलेल्या पाण्यात ही साखळी शेवटच्या टप्प्यावर अडते. मग ही संप्रेरके बाहेरून दिली तर?

अर्जेंटिनाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बर्नार्डो हुसे यांनी १९३० च्या सुमारास माशांना पीयूषिकेचा अर्क टोचून पाहिला होता. पुढे १९४७ मध्ये त्यांना पीयूषिकेवरील दुसऱ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. ब्राझीलमध्ये फॉन इहेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात या मार्गाने मासे प्रत्यक्ष वाढवण्यापर्यंत मजल मारली. आपल्याकडे लाहोरच्या हमीद खान यांनी त्याच दशकात मृगळ माशावर प्रयत्न केले, पण त्यांतून व्यवहारात वापरता येईल अशी पद्धत निघाली नाही.

ती निघाली ओरिसातील अंगुल येथे, १० जुलै १९५७ रोजी. कटकच्या तलाव-संवर्धन विभागात काम करणारे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांच्याच पीयूषिकेचा अर्क टोचून भारतीय कार्पकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. ज्येष्ठ सहकारी के. एच. अलीकुन्ही यांच्यासह त्यांनी हे काम त्याच वर्षी प्रसिद्ध केले. आज १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. संप्रेरकाच्या इंजेक्शनाने पुराची जागा घेतली, पण ऋतूची जागा घेतली नाही. इंजेक्शन शेवटची कडी जोडते. त्याआधीची तयारी, म्हणजे अंडाशयात अंडी भरण्याचे काम, माशाचे शरीर उन्हाळाभर करीत असते. फेब्रुवारीत हेच इंजेक्शन दिले असते तर काही घडले नसते, कारण सुटायला पक्व अंडीच नव्हती.

पद्धतीचा तपशील शिक्षकांना उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो. ताज्या पक्व माशाच्या कवटीतून वाटाण्याहूनही लहान अशी पीयूषिका काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात. वापरताना ती घोटून अर्क करतात. मादीला पहिली मात्रा वजनाच्या दर किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम आणि सुमारे सहा तासांनी दुसरी ५ ते ८ मिलिग्रॅम देतात. नराला एकच मात्रा, मादीच्या दुसऱ्या मात्रेच्या वेळी. मग एक मादी आणि दोन नर अशी जोडणी करून त्यांना पाण्यात ताणलेल्या कापडी हाप्यात सोडतात. दुसऱ्या मात्रेनंतर चार ते सहा तासांत अंडी पडतात. २७ ते ३१ अंश सेल्सियसला ती साधारण १४ ते १८ तासांत फुटतात. संध्याकाळी सुरू केलेले काम मध्यरात्र उलटवून पहाटेपर्यंत चालते, आणि हे दहा ते पाच या वेळात बसत नाही, हेही येथेच नोंदवून ठेवू.

पुढे कॅनडाचे रिचर्ड पीटर आणि चीनचे लिन हाओरान यांनी दाखवले की साखळी अडवण्यात डोपामिन या मेंदूतील रसायनाचा हात असतो. त्या आधारावर एकाच मात्रेत काम करणारी तयार औषधे आली आणि पीयूषिका काढण्याचा व्याप बराचसा टळला.

धरणे आणि बोटुकली

उल्हास नदीचा उगम लोणावळा-राजमाचीच्या डोंगरांत. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारे आंद्रा खोऱ्याचे पाणीही तिला मिळते, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. बदलापूरला तिच्यावर बंधारा आहे. तिची उपनदी बारवी हिच्यावर औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली धरण बांधले आणि पुढे त्याची उंची वाढवली. अंबरनाथला काकोळ्याचा जुना रेल्वे तलाव आणि चिखलोलीचे धरण आहे. आपल्या कारखान्यांचे आणि नळांचे पाणी यांतून येते.

धरणामुळे माणसाला पाणी मिळाले, पण माशाची वाट अडली. ही गोष्ट उल्हासनगरकरांना वेगळी सांगायला नको. १९४९ मध्ये हे शहर ज्या सिंधी निर्वासितांनी वसवले, त्यांच्या घरोघरी झुलेलालचे चित्र असते आणि त्यात झुलेलाल ज्या माशावर बसतो तो पल्लो. पल्लो समुद्रातून सिंधू नदीत चढत असे. तीही एक वलगणच. १९५५ मध्ये कोटरीचा बंधारा पुरा झाल्यावर त्याची वरची वाट तुटली.

धरणाच्या जलाशयात मासे हवे असतील तर ते दरवर्षी सोडावे लागतात. महाराष्ट्रात जलाशय वाढत गेले तशी बियाण्याची गरज वाढली. आपल्याकडे या बियाण्याच्या तीन अवस्थांना फार सुंदर शब्द रूढ आहेत. जिऱ्याएवढे ते मत्स्यजिरे, त्याहून मोठे ते मत्स्यबीज आणि बोटाएवढे झाले की मत्स्यबोटुकली. खोपोली, हतनूर, दापचरी अशा ठिकाणी शासनाची मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली. १९७३-७४ पासून देशात मत्स्यशेतकरी विकास यंत्रणांची योजना आली आणि शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था झाली. या सगळ्याला माणसे हवी होती. माशाच्या पोटाला हात लावून 'आज रात्री' की 'अजून आठ दिवस' हे सांगू शकतील अशी माणसे.

वर्सोवा आणि शिरगाव

अशी माणसे तयार करण्यासाठी १९४० च्या दशकात बराकपूर येथे अंतर्देशीय मत्स्यव्यवसायाचे प्रशिक्षण सुरू झाले. ६ जून १९६१ रोजी मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. सुरुवातीला तेथे येणारे बहुतेक विद्यार्थी राज्यांच्या मत्स्यखात्यांत नोकरी करणारे अधिकारी होते. दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करून ते आपापल्या राज्यांत परत जात. अंगुलच्या प्रयोगाशी संबंधित असलेले अलीकुन्ही पुढे याच संस्थेचे संचालक झाले, हे मला महत्त्वाचे वाटते. ज्याने अंडी पडताना पाहिली होती तो माणूस आता अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी होता. पुढच्या काळात संस्थेने कार्पची अंडी उबवण्यासाठी सुधारित यंत्रणाही तयार केल्या. १९७९ मध्ये ती भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

पदवी शिक्षणाची सुरुवात १९६९ मध्ये मंगळूरच्या मत्स्यमहाविद्यालयाने झाली. महाराष्ट्रात कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्यमहाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगाव येथे १९८१ मध्ये सुरू झाले. नागपूर आणि उदगीर येथील महाविद्यालये त्यानंतरची.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. सागरी मासेमारीचे शिक्षण आणि गोड्या पाण्यातील संवर्धनाचे शिक्षण यांचे ऋतू उलटे आहेत. समुद्रावर पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि शिकण्यासारखे सारे काम त्यानंतर चालते. सातपाटी, वर्सोवा, रत्नागिरीच्या मच्छीमार प्रशिक्षण केंद्रांतील मुलगा हिवाळ्यात बोटीवर गेला तर त्याला सर्व काही दिसते. तळ्याचे नेमके उलटे. समुद्र बंद होतो तेव्हा तळे उघडते. आपली महाविद्यालयीन सत्रे मात्र या दोघांनाही एकाच मापाने मोजतात.

कार्यानुभव या शब्दाचा प्रवास

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीमची कल्पना मांडली. हाताचे काम हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा सर्व स्तरांवरील शिक्षणाचा भाग असावा अशी शिफारस केली आणि हा शब्द आपल्या शाळांच्या वेळापत्रकात आला. त्याचे पुढे काय झाले, हे शिक्षकांना मी सांगायला नको. आठवड्यातील एक-दोन तास, कागदी फुले आणि वर्षअखेरीचे प्रदर्शन. काम वेळापत्रकात आले, पण तासात बसेल एवढेच.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच भागात आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाड परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटले. मुलाच्या कामाची वेळ कायम ठेवली आणि शाळेची वेळ बदलली.

उच्च शिक्षणात हा विचार कृषी विद्यापीठांनी सर्वांत नीट अमलात आणला. १९९० च्या दशकात ग्रामीण कृषी कार्यानुभव हा पदवीचा भाग झाला. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गावात राहू लागले. आपल्या गावांतून ते 'कृषिदूत' आणि 'कृषिकन्या' म्हणून ओळखले जातात. हे कार्यानुभव बहुधा खरिपात ठेवले जाते, त्यामुळे विद्यार्थ्याला पेरणीपासून पीक हाती येईपर्यंतचा काळ पाहता येतो. मत्स्यविज्ञानाच्या पदवीतही ग्रामीण मत्स्य कार्यानुभव आणि मत्स्यप्रकल्पांतील प्रत्यक्ष काम आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'स्टुडंट रेडी' कार्यक्रमाने त्याला अधिक नेमके रूप दिले. पण ते ज्या महिन्यांत येते त्यावर विद्यार्थ्याला काय दिसेल हे ठरते.

आता हा प्रश्न मत्स्यमहाविद्यालयांपुरता राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा जो आराखडा आला, त्यात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प यांना चार श्रेयांक आहेत. ते पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात येतात. दुसरे सत्र म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ. प्राणिशास्त्राचा जो विद्यार्थी मत्स्यसंवर्धन निवडील, तो पुन्हा माघातच केंद्रावर पोहोचेल.

लोणावळ्याचा धडा

ऋतूनुसार काम केल्याने काय साधते याचे एक उदाहरण उल्हासच्या उगमाजवळच आहे. डॉ. चं. वि. कुलकर्णी हे महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याचे संचालक होते. तरुणपणी, १९४० मध्ये, त्यांनी मुंबई इलाख्यातील किनाऱ्याजवळच्या पाण्यातून जेमतेम इंचभर लांबीच्या एका अनोख्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. होरा आणि सेटना या दोन मत्स्यशास्त्रज्ञांच्या नावावरून त्यांनी त्याला होराइक्थिस सेटनाय हे नाव दिले. पुढे त्यांनी टाटा विद्युत कंपन्यांच्या लोणावळ्याच्या तलावांवर महसीर माशाचे काम हाती घेतले.

महसीरही पावसाळ्यात चढणारा मासा आहे. धरणांमुळे त्याच्या वाटा तुटल्या होत्या. तलावातील महसीर पावसाळ्यात जेथे धावते पाणी येऊन मिळते तेथे गोळा होतात. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी त्याच दिवसांत तेथे पक्व मासे धरीत, हळुवार पोट दाबून अंडी काढीत आणि त्यांवर नराचे वीर्य मिसळीत. मासा ज्या दिवशी तयार असेल तो कामाचा दिवस. त्यातून १९७० च्या दशकापासून महसीरची बोटुकली तयार होऊ लागली आणि ती इतर राज्यांतील पाण्यातही गेली.

एक आक्षेप आणि एक सूचना

कोणी म्हणेल, आता माशाची पैदास ऋतूवर एवढी अवलंबून राहिलेली नाही. हे काही अंशी खरे आहे. उत्तम खाद्य आणि निगा यांमुळे पूर्व भारतात कार्पची वीण मार्च-एप्रिलपासूनच घेता येते. तिलापिया आणि शोभेचे अनेक मासे वर्षातून अनेकदा वितात. पण वेळ अलीकडे ओढता येते ती ऋतूची यंत्रणा नीट समजल्यामुळेच. ज्याने मूळ ऋतू पाहिला नाही, त्याला तो बदलता कसा येईल?

शिवाय माघातील भेट अगदीच वाया जाते असेही नाही. हे मला उशिरा कळले. तळे सुकवणे, चुना टाकणे, शेण घालून पाण्यात सूक्ष्मजीव वाढवणे, पुढच्या विणीचे नर-मादी निवडून वेगळे ठेवणे आणि त्यांना खाऊ घालणे, ही कामे याच काळात होतात. आम्ही हौदाला चुना लावला तेव्हा तो पुढच्या आषाढाची तयारी होता, पण आम्हाला आषाढ दाखवलाच नाही. त्यामुळे तो नुसता चुना राहिला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सलग एक महिना देण्याऐवजी तेच दिवस दोन पंधरवड्यांत वाटावेत. एक फेब्रुवारीत, एक जुलैत. तळे तेच आणि विद्यार्थीही तेच. पहिल्या पंधरवड्यात निवडलेल्या माद्या दुसऱ्या पंधरवड्यात त्यांनीच तपासाव्यात. गुण दुसऱ्या भेटीनंतर द्यावेत. यासाठी नवी इमारत नको, फक्त सत्रांची रेघ ओलांडून चालणारी नोंदवही हवी.

शाळेतील शिक्षकांना तर विद्यापीठाच्या परवानगीचीही गरज नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलांसाठी दोन सहली सुचवतो. पहिली जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बदलापूरच्या पुढे एखाद्या सुरक्षित ओढ्याकाठी, पाऊस उघडल्यावर आणि दिवसाउजेडी. नदीच्या पात्राजवळ मात्र मुलांना नेऊ नये. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले होते. मासे पकडायचे नाहीत, पाहायचे. कोणते मासे चढतात, त्यांना स्थानिक नाव काय, पाणी किती गढूळ, किती थंड, हे गावातील जाणत्या माणसाला विचारून लिहायचे. अंड्यांनी भरलेली मादी टोपलीत गेली तर पुढचे वर्ष टोपलीत गेले, हेही तेथे सांगता येईल.

दुसरी सहल वालधुनीची. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधले, म्हणजे १०६० सालचे, आणि ते वालधुनीच्या काठावर आहे. ज्यांनी ते बांधले त्यांच्या काळात या पाण्यातही वलगण होत असली पाहिजे. आज खाली उल्हासनगरपर्यंत जाताना त्या पाण्याचे काय होते ते मुले डोळ्यांनी आणि नाकाने ओळखू शकतात. २०१४ च्या अखेरीस या नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूमुळे उल्हासनगरमधील अनेक नागरिकांना रुग्णालयात न्यावे लागले होते. मुलांनी पाण्याला हात लावायचा नाही. शिक्षकांनी लांब दोरीच्या बादलीने, हातमोजे घालून नमुना घ्यावा आणि दोन्ही ठिकाणच्या पाण्यातील विरघळलेला प्राणवायू शाळेच्या प्रयोगशाळेत मोजून दाखवावा. कार्प माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. हा आकडा फळ्यावर लिहून मग मुलांनाच विचारावे, वालधुनीत मासा का चढत नाही?

मी आता दरवर्षी फेब्रुवारीत आणि जुलैत माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन एका तळ्यावर जातो. जुलैची भेट अधिकृत नोंदीत बसत नाही. ती आम्ही रविवारी करतो. गेल्या वर्षी बदलापूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने नराच्या परावरून बोट फिरवले आणि चटकन मागे घेतले. तिची आजी वलगणीच्या माशांत नर असाच ओळखते, असे ती म्हणाली. तिच्या अहवालात ते वाक्य तसेच ठेवायला मी सांगितले.